जंगल तुकड्यांत उरलं की बुरशीचं काय होतं?

शंभर हेक्टरचं एक सलग जंगल आणि एकेक हेक्टरचे शंभर विखुरलेले तुकडे. क्षेत्रफळाच्या तक्त्यात दोन्हींसमोर एकच आकडा लिहिला जाईल. पण माती, पालापाचोळा, पडलेले ओंडके आणि झाडांची मुळं इथे जगणाऱ्या बुरशींसाठी ही दोन ठिकाणं इतकी वेगळी आहेत, की एका ठिकाणच्या कित्येक जाती दुसऱ्या ठिकाणी टिकूच शकत नाहीत. जंगल किती उरलं हे आपण नेहमी विचारतो. ते कोणत्या आकारात आणि एकमेकांपासून किती अंतरावर उरलं, हे क्वचितच विचारतो. बुरशीचं भवितव्य बरंचसं या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं.

आधी बुरशीबद्दल थोडं. पावसात उगवणारी अळंबी हा बुरशीचा फक्त बीजाणू पसरवणारा अवयव असतो आणि तो बहुतेकदा काही दिवसच दिसतो. तिचं खरं शरीर म्हणजे माती किंवा लाकडात पसरलेलं कवकजाल. त्याचे धागे साधारण २ ते १० मायक्रोमीटर जाडीचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना सुटे न दिसणारे. पण सलग जागा मिळाली तर हेच जाळं प्रचंड वाढतं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, मालूर राष्ट्रीय वनात, आर्मिलेरिया बुरशीचा एकच जीव सुमारे ९६५ हेक्टरांवर पसरलेला आहे. त्याचं वय दोन हजार वर्षांच्या घरात तरी असावं असा अंदाज आहे. तो एका झाडाच्या मुळावरून दुसऱ्याच्या मुळावर जात वाढला. मध्ये मुळं नसलेली रुंद मोकळी पट्टी आली असती, तर त्याची वाढ तिथेच अडली असती.

जंगलातल्या बुरशींचे उदरनिर्वाह वेगवेगळे असतात. काही मेलेलं लाकूड आणि पाचोळा कुजवतात. लाकडाला कठीणपणा देणारं लिग्निन पूर्णपणे मोडून काढण्याची ताकद निसर्गात प्रामुख्याने अशा काही बुरशींकडेच आहे. काही जिवंत झाडांवर रोग आणतात. काही पानांच्या आत निमूट राहतात. आणि एक मोठा गट मुळांशी भागीदारी करतो, या भागीदारीलाच मायकोरायझा म्हणतात. बुरशी पाणी, फॉस्फरस आणि नायट्रोजन आणून देते, झाड तिला साखर देतं. ही भागीदारी फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या रायनी इथल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही वनस्पतीच्या पेशींत शिरलेली बुरशी सापडली आहे. बहुतेक वनस्पतींच्या मुळांत ती पेशींच्या आत शिरते. पाइन, ओक, बीच, बर्च, साल अशा झाडांच्या बाबतीत मात्र ती मुळाच्या टोकाभोवती आवरण तयार करते. या दुसऱ्या प्रकारच्या झाडांच्या जाती संख्येने थोड्या आहेत, पण जगातल्या फार मोठ्या जंगलपट्ट्यांत त्यांचंच राज्य आहे. जंगल तुटल्यावर या दुसऱ्या गटाचं आणि लाकूड कुजवणाऱ्यांचं काय होतं, यावर सर्वांत जास्त काम झालं आहे, म्हणून पुढे भर त्यांच्यावरच आहे.

जगात बुरशीच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. त्यातल्या नाव मिळालेल्या जाती दीड लाखाच्या आसपास. म्हणजे जंगल तोडताना आपण जे गमावतो त्यातल्या बहुतेकांची आपल्याकडे नोंदच नसते. मला या विषयातली ही सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते.

आता तुकडे झाल्यावर काय घडतं ते पाहू. सगळ्यात आधी बदलते ती कड.

दाट जंगलाच्या आत सावली, थंडावा आणि दमटपणा टिकून असतो. जंगल कापलं की नव्या कडेतून ऊन आडवं आत शिरतं, वारा शिरतो, जमिनीचं तापमान चढतं आणि पाचोळा लवकर वाळतो. हा परिणाम किती आत पोचेल ते जागेवर आणि मोजतो त्या गोष्टीवर अवलंबून असतं. समजा तो ५० मीटर आत पोचतो. एक किलोमीटर बाजूच्या चौकोनी जंगलात, म्हणजे शंभर हेक्टरांत, कडेपासून सुरक्षित असा ८१ हेक्टरांचा गाभा उरतो. दहा हेक्टरांच्या चौकोनात हा गाभा पाच हेक्टरांपेक्षाही कमी भरतो. आणि एका हेक्टरच्या चौकोनात, जो १०० मीटर बाय १०० मीटरचा असतो, गाभा उरतच नाही. तिथली प्रत्येक जागा कडच असते. असे शंभर तुकडे जमवले तरी आतल्या जंगलाची बेरीज शून्यच. प्रत्यक्षातले तुकडे चौकोनी नसतात, वेडेवाकडे आणि लांबट असतात, त्यामुळे हिशेब याहूनही वाईट निघतो. जगभरातल्या उरलेल्या जंगलाचा सुमारे ७० टक्के भाग कुठल्या ना कुठल्या कडेपासून एक किलोमीटरच्या आत आहे, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आलं.

बुरशीला ही कड का सोसत नाही? तिच्या धाग्याची भिंत पातळ असते आणि अन्न पचवण्याचं तिचं सगळं काम शरीराबाहेर, ओलाव्यात चालतं. ती विकरं बाहेर सोडते, ती विरघळलेल्या अवस्थेत काम करतात आणि मोडलेलं अन्न ती शोषून घेते. ओल गेली की हे चक्र थांबतं. अळंबी उगवायला तर आणखी जास्त पाणी लागतं. त्यामुळे कोरड्या कडेला कवकजाल कसंबसं तग धरून राहिलं तरी बीजाणू तयार होण्याची वर्षं कमी होतात.

कडेला आणखी एक गोष्ट होते आणि ती वरवर पाहता बुरशीच्या फायद्याची वाटते. ब्राझीलमध्ये मनाऊस शहराजवळ १९७९ पासून एक दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. तिथे ॲमेझॉनच्या जंगलाचे १, १० आणि १०० हेक्टरांचे तुकडे वेगळे झाल्यावर त्यांत काय बदलतं ते वर्षानुवर्षं नोंदवलं गेलं. तिथे असं दिसलं की कडेपासून ३०० मीटरच्या आत मोठी झाडं आतल्या भागाच्या जवळपास तिप्पट वेगाने मरतात. वाऱ्याने उन्मळतात, उभ्याने वाळतात, वेलींखाली दबतात. म्हणजे कडेला मेलेलं लाकूड वाढतं. मग लाकूड कुजवणाऱ्यांची चंगळ व्हायला हवी ना? काही काळ, काही जातींची होतेही. पण ते लाकूड उन्हात पडलेलं असतं, त्यावर ऊन आणि कोरडेपणा सोसणाऱ्या जातीच तगतात. शिवाय जाड झाडं एकदा संपली की पुढची कित्येक दशकं जाड ओंडके मिळत नाहीत. आणि जाड ओंडका हीच तर खरी दौलत. तो आत ओल धरून ठेवतो, हळूहळू कुजतो, आणि कुजण्याच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या जातींना जागा देतो.

कडेचा तिसरा परिणाम हवेतून येतो. शेजारच्या शेतातला अमोनिया आणि वाहनांच्या धुरातली नायट्रोजनची संयुगं कडेच्या झाडांवर जास्त साचतात. मातीत नायट्रोजन सहज मिळू लागला की झाड मुळांवरच्या भागीदार बुरशीला साखर देण्यात हात आखडता घेतं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नेदरलँड्समध्ये अशा कित्येक जाती झपाट्याने कमी झाल्या आणि त्यामागे नायट्रोजनचा भार हे एक मोठं कारण असल्याचं तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलं. लहान तुकड्याला या भारापासून आडोसाच नसतो.

दुसरा मुद्दा अंतराचा. इथे एक खूप जुना समज आडवा येतो.

सूक्ष्मजीव सगळीकडेच असतात, कोण टिकेल ते फक्त परिस्थिती ठरवते, असं सूत्र डच शास्त्रज्ञ लौरेन्स बास बेकिंग यांनी १९३४ मध्ये मांडलं. बुरशीलाही ते लागू आहे असं बराच काळ धरून चाललं गेलं. कारण तसं वाटणं साहजिक होतं. एक मोठी गॅनोडर्मा बुरशी दिवसाला ३,००० कोटी बीजाणू सोडू शकते. एका राक्षसी पफबॉलमध्ये, म्हणजे चेंडूसारख्या गोल अळंबीमध्ये, सात लाख कोटी बीजाणू असल्याचा हिशेब विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडला गेला होता. एवढे बीजाणू वाऱ्यावर असताना दोनचार किलोमीटरचं मोकळं रान काय अडवणार?

पण बीजाणू पोचणं आणि बुरशी रुजणं यांत फार मोठं अंतर आहे. झाडांच्या मुळांशी भागीदारी करणाऱ्या काही अळंब्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९५ टक्के बीजाणू छत्रीपासून एका मीटरच्या आतच पडतात असं आढळलं. उरलेले दूर जातात, पण ते विरळ होत जातात. उघड्यावर अतिनील किरण आणि कोरडी हवा त्यांतल्या अनेकांना मारते. जे वाचतात त्यांना नेमकी योग्य जागा लागते. लाकूडबुरशी असेल तर योग्य झाडाचा, योग्य जाडीचा, योग्य टप्प्यावर कुजलेला ओंडका. मुळांची बुरशी असेल तर जवळच तिला चालणाऱ्या झाडाचं कोवळं मूळ.

आणि एवढं होऊनही काम अर्धंच झालेलं असतं. अळंबी धरणाऱ्या बहुतेक बुरशींत एका बीजाणूपासून उगवलेला धागा एकटा पुनरुत्पादन करू शकत नाही. त्याला त्याच जातीचा, पण वेगळ्या जोडीगटाचा दुसरा धागा भेटावा लागतो. दोघांचं मीलन झालं तरच पुढे अळंबी येते. आता अंतराचा हिशेब करून पाहा. एखाद्या तुकड्यावर पडणारे बीजाणू दहापट विरळ झाले, तर एका ओंडक्यावर दोन जुळणारे बीजाणू एकत्र पडण्याची शक्यता दहापट नाही, साधारण शंभरपट घटते. म्हणून थोडंसं वाढलेलं अंतरही दुर्मीळ जातींना भारी पडतं, आणि शेजारी भरपूर संख्येने असलेल्या जातींना ते जाणवतही नाही. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली कळीची बाब हीच आहे.

याचा चांगला पुरावा कॅलिफोर्नियातल्या पॉइंट रेयीस इथून आला. तिथे झुडपांच्या पसाऱ्यात पाइनच्या झाडांची लहानमोठी बेटं आहेत. काही दहा चौरस मीटरपेक्षाही लहान, काही दहा हजार चौरस मीटरपेक्षा मोठी. पाइनवर अवलंबून असलेल्या मुळांच्या बुरशीसाठी झुडपांचा प्रदेश म्हणजे न राहता येण्याजोगी जागा. संशोधकांनी बेटाबेटांवरची मुळं तपासली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं, की बेट मोठं होत जातं तशी जातींची संख्या वाढते, आणि ती ज्या दराने वाढते तो दर समुद्रातल्या बेटांवरच्या वनस्पती आणि प्राण्यांच्या दरासारखाच आहे. २०१० मध्ये पुढचा अभ्यास आला. सलग जंगलापासून दूर असलेल्या बेटांवर जाती कमी होत्या. सगळीकडे सगळं असतं हा समज मुळांच्या या बुरशींपुरता तरी तिथे टिकला नाही.

सगळ्या बुरशी सारख्याच हतबल आहेत असं मात्र नाही. राइझोपोगॉन नावाची बुरशी जमिनीखाली फळते. तिचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, इतके की ते किती काळ टिकतात हे पाहण्यासाठी ९९ वर्षांचा प्रयोग मांडला गेला आहे. पहिल्या चार वर्षांत तर त्या बीजाणूंची मुळांना धरण्याची ताकद वाढलीच. अशी जात तुकड्यात पाइनचं रोप येईपर्यंत थांबू शकते. पण जमिनीखाली फळणाऱ्या बुरशींना वाऱ्याचा उपयोग नाही. त्यांचे बीजाणू नेतात ते वास हुंगून उकरून खाणारे प्राणी. उत्तर अमेरिकेत उडत्या खारी, ऑस्ट्रेलियात पोटोरू आणि बेटाँग हे कांगारूंचे छोटे भाऊबंद. खार मोकळं मैदान ओलांडायला कचरते, बेटाँग तर कित्येक भागांतून नाहीसाच झाला. प्राणी अडला की त्याच्या पोटातून जाणारी बुरशीही अडते. जंगलाचा तुकडा बुरशीसाठी किती दूर आहे हे अशा वेळी मीटरमध्ये मोजून कळत नाही, तो प्राणी ते अंतर चालून जाईल का यावर ते ठरतं.

तुटलेल्या जंगलात हरतं कोण आणि तगतं कोण, याचं सर्वांत स्पष्ट चित्र उत्तर युरोपातून मिळालं आहे. फिनलंडमध्ये लाकडावरच्या बुरशींची वर्षानुवर्षं बारकाईने नोंद होते. तिथल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते. कोणत्याही लाकडावर, कोणत्याही टप्प्यावर जगू शकणाऱ्या जाती तुकड्यांत बऱ्या राहतात, काही तर वाढतात. ज्यांना जुन्या जंगलातला जाड ओंडकाच लागतो, त्या मागे पडतात. यात जंगल तुटणं दुहेरी असतं. ओंडका हेच त्या बुरशीचं एक छोटं बेट. ते काही दशकांत कुजून संपतं, त्यामुळे तोवर जवळपास दुसरा ओंडका पडलेला असायला हवा. दक्षिण फिनलंडमधल्या जुन्या नैसर्गिक जंगलात हेक्टरी साधारण ९० ते १२० घनमीटर मेलेलं लाकूड असतं. लाकडासाठी राखलेल्या जंगलात ते बऱ्याचदा १० घनमीटरच्याही खाली असतं. तिथे जंगल नकाशावर सलग दिसलं तरी या बुरशींच्या दृष्टीने ते आधीच तुटलेलं आहे.

बुरशी गेली की तिच्यावर जगणारेही जातात. फोमिटॉप्सिस रोझिया ही स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जुन्या जंगलातल्या पडलेल्या खोडांवरची, गुलाबी छटेची बुरशी. तिच्यात एका पतंगाच्या अळ्या वाढतात, आणि त्या अळ्यांच्या जिवावर एक परजीवी माशी वाढते. फिनलंडमधल्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सलग जंगल आणि वेगळे पडलेले तुकडे यांची तुलना केली गेली. तुकडा वेगळा पडून १२ ते ३२ वर्षं झालेली असतील तर तिथे पतंग कमी झाला होता आणि माशी पूर्णपणे नाहीशी झाली होती. साखळीतल्या तीन दुव्यांपैकी बहुतेक ठिकाणी एकच उरला होता, तो म्हणजे बुरशी स्वतः. म्हणजे बुरशी डोळ्यांना दिसत असतानाच तिच्याभोवतीचं जग आधी संपतं.

यातून वेळेचा मुद्दा पुढे येतो. जंगल आज तुटलं तर बुरशी उद्या जात नाही. कवकजाल दीर्घायुषी असतं, ओंडके हळू कुजतात, मातीत बीजाणू शिल्लक असतात, म्हातारी झाडं जुन्या भागीदारांना आणखी काही दशकं पोसत राहतात. त्यामुळे नव्या तुकड्यात पाहणी केली तर जाती भरपूर सापडू शकतात. पण त्यांपैकी काहींचा पुढचा ओंडका, पुढचं झाड, पुढचा जोडीदार येणारच नसतो. परिसंस्थेचे अभ्यासक याला नामशेष होण्याचं थकलेलं देणं म्हणतात. ते फेडण्याची वेळ येईपर्यंत सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. या काळात शेजारचे तुकडे जोडले तर त्यातल्या काही जाती वाचू शकतात, म्हणून हा काळ वाया घालवणं मला फार मोठं नुकसान वाटतं.

जातींची नुसती संख्या मोजण्यातही धोका आहे. हल्ली मूठभर माती घेऊन तिच्यातल्या डीएनएवरून शेकडो जाती ओळखता येतात. आयटीएस नावाचा जनुकीय पट्टा बुरशी ओळखण्यासाठी २०१२ मध्ये प्रमाण मानला गेला, तेव्हापासून असे अभ्यास खूप वाढले. त्यांतल्या काहींत तुकड्यांतली जातसंख्या सलग जंगलाइतकीच निघते, कधी जास्तही. हे वाचून तुकडे झाल्याने बुरशीला काही होत नाही असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. कडेवर शेतातल्या, गवताळ रानातल्या, रोग आणणाऱ्या, कुठेही जगणाऱ्या जाती आत येतात आणि गेलेल्यांची जागा भरून काढतात. बेरीज जुळते, यादी बदललेली असते. शिवाय सगळ्या तुकड्यांत त्याच त्या जाती भरतात, त्यामुळे एका ठिकाणची संख्या टिकूनही प्रदेशाची एकूण विविधता घटते. मातीतला डीएनए मेलेल्या बीजाणूचाही असू शकतो, ही आणखी एक अडचण. म्हणून कोणताही आकडा समोर आला की पहिला प्रश्न हा विचारावा: कोण गेलं आणि कोण आलं?

झाडांवर याचे काय परिणाम होतात? मुळांचे भागीदार कमी झाले तर मोकळ्या जागेत नव्याने रुजणाऱ्या रोपांना त्रास होतो. तोड झालेल्या रानात मागे ठेवलेल्या मोठ्या झाडांजवळच्या रोपांच्या मुळांवर जास्त जाती आढळतात, दूरच्या रोपांवर कमी, हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं आहे. बुरशीच्या जाळ्यातून झाडं एकमेकांशी बोलतात, आई झाड पिल्लांना अन्न पाठवतं, अशा गोष्टी मात्र जपून घ्याव्यात. या दाव्यांमागचा जंगलातला पुरावा प्रचारात सांगितला जातो त्यापेक्षा पुष्कळ तोकडा आहे, असं २०२३ मध्ये या क्षेत्रातल्याच संशोधकांनी आढावा घेऊन लिहिलं. बुरशीचं महत्त्व पटवायला त्या दाव्यांची गरजही नाही. मेलेलं लाकूड मोडून त्यातली खनिजं मातीला परत देणं आणि मुळांपर्यंत फॉस्फरस पोचवणं ही दोन कामं थांबली तर जंगल उभं राहणार नाही.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि ते वरच्या कारणांतूनच निघतं. मोठा तुकडा मोडू न देणं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक. लहान तुकडे असतील तर त्यांच्या कडेला झुडपांचा आणि झाडांचा दाट पट्टा वाढू द्यायचा, म्हणजे ऊन-वारा आत कमी शिरतो. तोड करायचीच असेल तर मोठी जिवंत झाडं मधूनमधून राखायची, त्यांच्या मुळांवर भागीदार बुरशी टिकून राहते. पडलेलं खोड ‘साफसफाई’ म्हणून उचलून न्यायचं नाही. हे शेवटचं करायला पैसाही लागत नाही. फक्त कुजणारं लाकूड म्हणजे अस्वच्छता, ही समजूत सोडावी लागते.

ज्या जाती स्वतःहून येऊ शकत नाहीत त्यांना आणून लावण्याचे प्रयत्नही सुरू झाले आहेत. फिनलंडमध्ये धोक्यात आलेल्या लाकूडबुरशींचं कवकजाल प्रयोगशाळेत वाढवून ते ओंडक्यांत भोकं पाडून बसवण्यात आलं. काही जाती तिथे रुजल्या, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पण बसवलेली बुरशीसुद्धा त्या ओंडक्याच्या आयुष्याइतकीच. तो कुजून संपण्याआधी तिच्या बीजाणूंच्या टप्प्यात दुसरा जाड ओंडका पडलेला नसेल, तर लागवड पुन्हा करावी लागते. त्यामुळे अशा जागी पुढच्या पन्नास वर्षांत कोणती झाडं म्हातारी होऊ द्यायची, हे बुरशी लावण्याच्या आधीच ठरवावं लागतं.